गोव्याचं चर्च: गाव, जात, लिपी आणि पासपोर्ट

गोव्यात निम्मे लोक ख्रिश्चन ना, असं पुण्या-मुंबईहून येणारा पाहुणा हमखास विचारतो. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या थोडी वर होती. त्यात हिंदू 66.08 टक्के, ख्रिस्ती 25.10 टक्के आणि मुसलमान 8.33 टक्के. म्हणजे चारांत एक. पाहुण्याचा अंदाज चुकतो, कारण तो कळंगुट, कोलवा, जुनं गोवं असा फिरलेला असतो. हाच माणूस डिचोली-सत्तरीकडे वळला, तर त्याला देवळांमागून देवळंच दिसतील.

तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे महाल पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, काणकोण वगैरे भाग त्यांच्या हाती आला तो थेट अठराव्या शतकात. पहिल्या महालांत देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली, 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर ते 1812 पर्यंत टिकलं. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली ती याच काळात, कारण ती गावं तेव्हा पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होती. हे नंतरचे भाग, म्हणजे नव्या काबिजादी, त्यांनी घेतले तोवर धर्मांतराचा तो जोर ओसरला होता. गोव्याचा आजचा धार्मिक नकाशा या तारखांनी काढलेला आहे.

एवढा इतिहास मराठी वाचकाला साधारण ठाऊक असतो. अडचण अशी की बहुतेकांचं वाचन इथेच थांबतं आणि मग आजच्या इगर्जीकडेही, म्हणजे चर्चकडेही, तो इन्क्विझिशनच्या वर्षांतूनच बघत राहतो. धर्मांतरानंतर त्या गावांचं पुढे काय झालं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आजचं चर्च कळायला तोच प्रश्न उपयोगाचा आहे.

गाव मोडलं नाही, हे त्याचं उत्तर. गावची जमीन सामाईक धरून ती कसणारी, बांध आणि मानशी (पाणी अडवायची-सोडायची दारं) सांभाळणारी गांवकारी ही संस्था पोर्तुगिजांनी कोमुनिदाद या नावाने तशीच चालू ठेवली. गांवकार ख्रिस्ती झाले, पण गांवकार राहिले. देवळाच्या उत्पन्नाच्या जमिनी इगर्जीकडे गेल्या, मान-पान इगर्जीत आले, आणि त्याबरोबर जातही आली. बामण, चारदो, सुदीर, गावडे हे शब्द गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आजही कळतात, आणि लग्न जुळवताना तर चांगलेच कळतात. समतेचा धर्म घेतला तरी जात कशी राहिली, असं विचारून काही मराठी मंडळी खूश होतात. आपल्याकडे ती कुठे गेली, हे मात्र त्यांना विचारू नये.

या जातीचं सगळ्यांत ठळक रूप कॉन्फ्रारीत दिसतं. कॉन्फ्रारी म्हणजे इगर्जीतली भाविकांची नोंदणीकृत मंडळी. फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या, दिवशी पांढऱ्या झग्यावर तांबडी किंवा निळी खांदवस्त्रं घालून मिरवणुकीत पुढे चालतात ते हे लोक. आपल्या देवस्थानांच्या महाजनकीशी याचं नातं लगेच ओळखू येतं: ठरावीक घराण्यांची नावं, वारसाहक्काने मिळणारं सभासदत्व, फेस्त कोणी करायचं याचा क्रम, आणि या सगळ्यावरून होणारी भांडणं. काही गावांत दोन जातींच्या दोन कॉन्फ्रारी होत्या. कुंकळ्ळीत फेस्ताचा हक्क फक्त गांवकारांच्या कॉन्फ्रारीला का, या वादाने पिढी खाल्ली. बऱ्याच ठिकाणी आता सगळ्यांसाठी दारं उघडली आहेत आणि धर्मपीठाचाही तसाच रेटा आहे. पण वरून पत्रक आलं म्हणून गावचा मान सुटतो, असं गोव्यात तरी कुणी समजू नये.

आता वरची रचना. गोव्यातले जवळजवळ सगळे ख्रिस्ती कॅथलिक आहेत, म्हणजे रोमच्या पोपना मानणारे. मराठी माणसाला ख्रिस्ती म्हटलं की रेव्हरंड टिळक आणि अहमदनगरचं मिशन आठवतं. ते प्रॉटेस्टंट, मराठीतून भजनं म्हणणारे, त्यांचा इतिहास सर्वस्वी वेगळा. गोव्याच्या जवळचे म्हणायचे तर वसईचे. तिथेही पोर्तुगीज होते, पण 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि दोन्हीकडच्या वाटा फुटल्या.

गोवा आणि दमण मिळून एक महाधर्मप्रांत आहे. त्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव 2004 पासून पदावर आहेत आणि 2022 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनल केलं. 2025 च्या मे महिन्यात नवे पोप निवडायला रोममध्ये जे कार्डिनल बसले होते, त्यांत तेही होते. गोव्याच्या आर्चबिशपना ‘पूर्वेचे पॅट्रिआर्क’ असा मानाचा किताबही असतो. एके काळी आशियातला केवढा तरी मुलूख जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलखाली होता, त्याची ती खूण. अधिकार आता तेवढ्या मुलखावर नाही, किताब राहिला आहे.

महाधर्मप्रांताखाली दीडशेहून अधिक पॅरिश, म्हणजे एकेका इगर्जीचे विभाग. पॅरिशचा मुख्य पाद्री म्हणजे विगार. त्याची ठरावीक वर्षांनी बदली होते. पैशाचा आणि मालमत्तेचा व्यवहार फाब्रिक ही पॅरिशची समिती पाहते. विगार अध्यक्ष असतो आणि गावातले काही लोक खजिनदार, कारकून अशा पदांवर असतात. फाब्रिकच्या हिशेबावर सामान्य भाविकांची नजर किती, जमिनी विकायचा अधिकार कोणाचा, सरकारने यासाठी कायदा करावा का, ही चर्चा गोव्यात अधूनमधून पेटते. कायदा मागणाऱ्यांत कॅथलिकच पुढे असतात, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

पॅरिशच्याही खाली वाडा येतो. इथे शास्त्र आणि शिष्टाचार दोन्ही सैल होतात, आणि गोव्याचं चर्च इथेच सर्वांत जवळून दिसतं. प्रत्येक वाड्यावर एक खुरीस, म्हणजे क्रूस, असतो, रस्त्याच्या कडेला चौथऱ्यावर उभा केलेला. मे महिन्यात त्याला चुना लागतो, कागदी पताका बांधल्या जातात आणि संध्याकाळी तिथे लादाइन होते. लादाइन म्हणजे येशूची आई मारिया हिच्या नावांची सामूहिक प्रार्थना. एकजण व्हायोलिन घेऊन उभा, दोघे-तिघे खर्जात, बाया वरच्या सुरात, आणि शब्द चक्क लॅटिन. मीस, म्हणजे इगर्जीतली मुख्य उपासना, कोंकणीत होऊन अर्धं शतक उलटलं तरी लादाइनीतलं लॅटिन गेलं नाही, कारण ती पाद्रीने चालवायची गोष्ट नाही, वाड्याने चालवायची आहे. पाद्री बहुतेक वेळा नसतोच. शेवटी उकडलेले चणे वाटतात, मोठ्यांना फेणीचा घोट, मुलांना सरबत. शेजारची हिंदू मंडळी येतात, मेणबत्ती लावतात, चणे घेतात. वाड्यावरचा हिंदू दुकानदार एखाद्या वर्षी तेलाचा किंवा फटाक्यांचा खर्च उचलतो, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघायची तर म्हापशाचं मिलाग्री सायबिणीचं, म्हणजे चमत्कारांच्या मारियेचं, फेस्त. ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी सोमवारी सेंट जेरोमच्या इगर्जीत ते भरतं. लोकांच्या सांगण्यात ही सायबीण सात बहिणींतली एक, मीराबाय. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी. फेस्ताच्या दिवशी हिंदू भाविक तेलाच्या बाटल्या घेऊन रांगेत उभे असतात, आणि लईराईच्या देवळाकडून मिलाग्रीला तेल आणि तिच्याकडून लईराईला फुलं, अशी देवाणघेवाण सांगितली जाते. चर्चच्या अधिकृत शिकवणुकीत अर्थातच मारियेला शिरगावात बहीण नाही. पाद्री हे जाणतात आणि रांगेकडे हसून बघतात. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गेच्या फातर्प्याच्या उत्सवात ख्रिस्ती कुंकळ्ळीकारांचाही वाटा असतो, शिवोलीच्या जागरात दोन्ही समाज एकत्र नाचतात. याला सर्वधर्मसमभाव म्हणून भाषणात वापरतात ते मला फारसं पटत नाही. बऱ्याच ठिकाणी हे एकाच गावच्या जुन्या भाऊबंदकीचं उरलेलं देणं-घेणं आहे. भाऊबंदकी म्हटली की त्यात प्रेमही येतं आणि वादही येतात.

1961 नंतर मात्र या संस्थेला दोन धक्के एकदमच बसले. डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगीज गेले, आणि 1962 ते 1965 या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरून लॅटिनऐवजी लोकभाषेत मीस करायला वाट मोकळी झाली. साडेचारशे वर्षं राज्यकर्त्यांच्या बाजूला बसलेलं चर्च अचानक अल्पसंख्याकांचं झालं, आणि त्याच वेळी त्याला स्वतःची भाषाही बदलायची होती. शेवटचे पोर्तुगीज आर्चबिशप 1962 मध्ये निघून गेले, पण कागदोपत्री पदावरच राहिले. पोर्तुगालने 1974 च्या अखेरीला गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, त्यानंतर त्यांचा राजीनामा झाला. तोवर कारभार प्रशासक बघत होते. 1978 मध्ये राऊल गोन्साल्विस आर्चबिशप झाले, या गादीवरचे पहिले गोमंतकीय. रोम किती सावकाश चालतं, याचा हा नमुना.

भाषेचा प्रश्न आपल्याला, म्हणजे गोव्यातल्या मराठी माणसांना, जवळचा आणि थोडा टोचणारा आहे. ख्रिस्ती समाज आणि मराठी यांचं नातं एके काळी घट्ट होतं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेलं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं, तेही ओवीत आणि मराठीत, फक्त रोमन अक्षरांत. ते इगर्जींतून गायलं जाई. पुढे 1684 मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढलं आणि हा धागा विरत गेला. विसाव्या शतकात 1967 चा जनमत कौल आला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, या प्रश्नावर 1,72,191 विरुद्ध 1,38,170 मतांनी गोवा वेगळा राहिला. ख्रिस्ती समाज जवळपास एकगठ्ठा विलीनीकरणाच्या विरोधात होता. तेव्हापासून मराठी म्हणजे विलीनीकरण ही शंका त्या बाजूला, आणि चर्च म्हणजे मराठीविरोधी ही शंका या बाजूला, अशी जोडी पडली ती आजतागायत.

पुढचा पेच आणखी चमत्कारिक. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामात वापराची मुभा मिळाली. पण कॅथलिकांची कोंकणी रोमी, म्हणजे रोमन, लिपीत. प्रार्थनेचं पुस्तक रोमी, भजनांची पुस्तिका रोमी, तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकाची, जाहिरात रोमी, पिलारहून 1933 पासून निघणारं ‘वावराड्यांचो इश्ट’ साप्ताहिकही रोमी. 1990 मध्ये सरकारने भारतीय भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा चर्चच्या शाळा कोंकणीकडे वळल्या, अर्थात देवनागरीतल्या. म्हणजे मूल शाळेत एका लिपीत कोंकणी शिकणार, रविवारी इगर्जीत दुसऱ्या लिपीत वाचणार, आणि घरी आई-बाप त्याच्याशी इंग्रजी बोलणार. पालक इंग्रजी मागत राहिले. 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान मिळालं आणि चर्चच्या शाळा भराभर तिकडे गेल्या. त्यावरून मराठी-कोंकणीवाल्यांनी एकत्र येऊन मोठं आंदोलन केलं. त्यांचा राग रास्त होता. मात्र त्या आंदोलनात बोलणाऱ्या कितीजणांची मुलं मराठी शाळेत होती, हा प्रश्न मी मुद्दाम इथे सोडून देतो.

परिणाम आता इगर्जीतच दिसतो. शहरांत आणि किनारपट्टीत इंग्रजी मीसला तरुण जातात, कोंकणी मीसला आई-वडील. धर्मशिक्षणाच्या वर्गात इंग्रजी. आजीची लादाइन नातवाला पाठ नसते.

भाषेपेक्षाही मोठा बदल माणसांचा आहे. 1961 च्या सुमाराला ख्रिस्तींचं प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होतं, ते 2011 मध्ये एक चतुर्थांशावर आलं. धर्म सोडल्याने हे झालेलं नाही. बाहेरून माणसं आली, आतली बाहेर गेली आणि घरात मुलं कमी झाली. बाहेर जाणं गोव्याला नवीन नाही. आधी मुंबई आणि आफ्रिका, मग जहाजं, मग आखात. पण पोर्तुगीज पासपोर्टने त्याचं स्वरूप पालटलं. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्यामार्फत मुलांना-नातवंडांना, पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. लिस्बनच्या दप्तरात जन्म नोंदवायचा, पासपोर्ट काढायचा, आणि ब्रेक्झिटच्या आधी तर सरळ इंग्लंड गाठायचं. स्विंडनसारख्या इंग्रजी गावात गोंयकारांची वस्तीच झाली. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, आणि त्याबरोबर मतही जातं. आखातातला माणूस म्हातारपणी गावात परतायचा. हा परतेलच असं नाही.

सासष्टीतल्या एखाद्या गावात संध्याकाळी फिरलं की हे दिसतं. मोठमोठी बाल्कांवची, म्हणजे दारापुढे बसायच्या ओट्याची, घरं, दाराला कुलूप, आवार साफ ठेवायला ठेवलेला माणूस. घराचे पाच हिस्सेदार चार देशांत. मग एक दिवस दिल्लीचा बिल्डर येतो. पाद्रींचे उपदेश जमीन विकू नका असं सांगतात, ग्रामसभेत डोंगर कापण्याविरुद्ध उठणाऱ्यांत पॅरिशमधलेच लोक पुढे असतात, आणि तरीही सही करायला माणूस लंडनहून विमानाने येतो. फेस्ताचा प्रेजिदेंत, म्हणजे त्या वर्षीचा यजमान, तोही बऱ्याच ठिकाणी परदेशातला असतो. पैसा भरपूर येतो, बँड मोठा होतो. पालखी खांद्यावर घ्यायला मात्र गावात माणसं शोधावी लागतात.

पाद्री कुठून येणार, हाही त्याच प्रश्नाचा भाग. पूर्वी बऱ्या घरातला एक मुलगा राशोलच्या सेमिनारीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, जायचा. घरात चार-पाच मुलगे असत, एक देवाला देणं परवडायचं, आणि त्यात प्रतिष्ठाही होती. आता एक मुलगा, एक मुलगी. त्या एकाला सेमिनारीत पाठवायला कुठली आई राजी होईल? चर्चने यावर उपाय म्हणून प्रत्येक वाड्यावर छोटे ख्रिस्ती समुदाय उभे केले आहेत. दहा-वीस घरं एकत्र जमून बायबल वाचतात, आजाऱ्यांची विचारपूस करतात, प्रश्न मांडतात. ही जबाबदारी बहुतेक ठिकाणी बायकाच ओढतात. वेदीवर मात्र पुरुष पाद्रीच.

शिवाय स्पर्धा आली आहे. गोव्यात बिलिव्हर म्हणतात ते पेंतेकोस्त वळणाचे गट घरांत किंवा हॉलमध्ये जमतात, मोठ्याने गातात, आजार बरे करण्याची प्रार्थना करतात. मारिया, संत, खुरीस यांना ते मानत नाहीत. त्यांच्याकडे जाणारे सगळ्यांत जास्त बोचतात ते कॅथलिकांना, कारण बिलिव्हर झालेला भाऊ फेस्ताला येत नाही, लादाइनीला उभा राहत नाही, सायबिणीची मूर्ती घरोघर फिरते तेव्हा दार लावून घेतो. धर्मांतराच्या बातम्यांत मराठी वृत्तपत्रं या दोघांना एकाच ‘ख्रिश्चन मिशनरी’ शब्दात बांधतात. एवढी चूक तरी टाळता येईल. जे गोव्याचं कॅथलिक चर्च आहे, त्याला आज आपली माणसं राखायची धडपड आहे, नवी आणायची नाही.

राजकारणात चर्च उमेदवाराचं नाव घेत नाही, पण बोलतं. 2018 मध्ये आर्चबिशपांच्या वार्षिक पत्रात राज्यघटना धोक्यात असल्याचा उल्लेख होता आणि देशभर गदारोळ झाला. त्याच वेळी कॅथलिक आमदार भाजपमध्येही असतात आणि सासष्टीतले मतदार पत्र वाचून मग आपल्याला हवं तेच करतात. 2024 च्या ऑक्टोबरात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाची डीएनए चाचणी करा, अशी जाहीर मागणी झाली तेव्हा लोक रस्त्यावर आले, आणि त्यांना शांत राहायचं आवाहन चर्चनेच केलं. त्यानंतर महिन्याभराने, 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025, दर दहा वर्षांनी होणारं शवप्रदर्शन पार पडलं. रांगेत हिंदूही भरपूर होते. धर्मांतराच्या इतिहासात झेवियरचं नाव कुठे येतं, हे ठाऊक असूनही ‘गोंयचो सायब’ म्हणून ते उभे होते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात राहू शकतात, हे बाहेरच्याला समजावणं सगळ्यांत अवघड.

जाता जाता, त्या शवाचं घर असलेल्या बॉम जेझुस बॅसिलिकाच्या तांबड्या चिऱ्याच्या भिंतींचे फोटो सगळे काढतात, पण त्या मुळात गिलावा केलेल्या होत्या. 1950 च्या दशकात पोर्तुगीज काळातच तो काढला. गोव्याच्या पावसात उघडा चिरा झिजतो, आणि गिलावा परत करा ही मागणी तिथल्या पाद्रींनी जाहीरपणे केली आहे. वारसा म्हणून लोकांना तोच उघडा चिरा आवडतो, त्यामुळे घोडं अडलं आहे.

आणि कुलूपबंद घरांच्या शेजारी भाड्याच्या खोल्यांत नवे कॅथलिक आले आहेत: कर्नाटकातले, केरळातले, झारखंडकडचे आदिवासी. काही इगर्जींत त्यांच्यासाठी हिंदी मीस होते. हे लोक रविवारी नियमाने येतात, मुलांना बाप्तिस्मा देतात, मागच्या बाकांवर बसतात. कोमुनिदादीत त्यांना स्थान नाही, कारण ती रक्ताने मिळते. कॉन्फ्रारीत त्यांना घ्यायचं का, यावर फेस्ताच्या बैठकीत अजून तरी कुणी विषय काढत नाही. पालखीला खांदे कमी पडायला लागले आहेत, तेव्हा तो निघेल.